नसलेल्या मदरबोर्डवर

लॉगमधली ती ओळ याआधीही कितीदा तरी डोळ्यांखालून गेली असेल, पण त्या रात्री ती अडकून बसली. व्हर्च्युअल मशीन म्हणजे सॉफ्टवेअरनं उभा केलेला संगणक, आणि हायपरवायझर म्हणजे तो उभा करणारं सॉफ्टवेअर. जुन्या हायपरवायझरवरचं एक व्हर्च्युअल मशीन नव्यावर आणून पहिल्यांदाच चालू केलं होतं. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, ओळी भराभर वर सरकल्या, लॉगिन विचारणारी रेघ लुकलुकायला लागली, सगळं ठीक दिसत होतं. सगळं ठीक दिसलं की मला चैन पडत नाही, म्हणून बूटचा लॉग, म्हणजे सुरू होतानाची नोंदवही, उघडून पहिल्या ओळीपासून वाचत बसले. आपण कुठल्या यंत्रावर जागे झालो हे कर्नल अगदी सुरुवातीलाच टिपून ठेवतो. तिथं लिहिलं होतं: क्यूईएमयू, स्टँडर्ड पीसी, आय४४०एफएक्स अधिक पीआयआयएक्स, १९९६. क्यूईएमयू हे नव्या हायपरवायझरमधलं, नकली हार्डवेअर उभं करणारं सॉफ्टवेअर; पुढची नावं इंटेलच्या चिपसेटची, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांची. खरं यंत्र टेबलाखाली माझ्या पायाशी घुमत होतं, त्याचा गरम वारा घोट्याला लागत होता, आणि त्यातला एकही भाग १९९६ मध्ये कारखान्यातून बाहेर पडणं शक्य नव्हतं. आतलं मशीन मात्र निवांतपणे नोंदवत होतं की आपण त्या सालच्या मदरबोर्डवर आहोत.

मग स्थलांतराच्या आधीच्या बूटचा लॉग काढला. तिथं व्हीएमवेअरचं, म्हणजे जुन्या हायपरवायझरच्या कंपनीचं, नाव आणि पुढे ‘४४०बीएक्स डेस्कटॉप रेफरन्स प्लॅटफॉर्म’. ४४०बीएक्स हा इंटेलचा १९९८ चा चिपसेट. म्हणजे एवढी उठाठेव करून, रात्र जागून, मी त्या मशीनला दोन वर्षं मागं नेऊन ठेवलं होतं.

हसू आलं. पण हसून झाल्यावरही ती ओळ डोक्यातून जाईना.

असं का, याचं तांत्रिक उत्तर सरळ आहे. व्हीएमवेअरचं पहिलं उत्पादन १९९९ मध्ये आलं तेव्हा ४४०बीएक्स हा चलतीतला चिपसेट होता, प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमला तो ओळखीचा होता. फाब्रिस बेलार्डनं २००३ मध्ये क्यूईएमयू लोकांपुढं ठेवलं, त्यात त्याच कुळातला थोडा थोरला ४४०एफएक्स आला. नक्कल करायची तर सगळ्यांना ठाऊक असलेल्याची करावी. नवा ड्रायव्हर द्यावा लागत नाही, आतली सिस्टिम मुकाट सुरू होते. त्यानंतर खरे बोर्ड भंगारात गेले, नकली तेवढे राहिले. खऱ्या ४४०एफएक्सला १ जीबीच्या वर मेमरी झेपत नव्हती. माझ्या मशीनला मी आठ दिली होती आणि त्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं. क्यूईएमयूमध्ये क्यू३५ नावाचा त्यामानानं नवा बोर्डही निवडता येतो, पण तोही २००७ च्या चिपसेटची नक्कल आहे, आणि मुळात न विचारता मिळतो तो १९९६ चाच. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट कधी कधी नव्यानं टोचते, तसं झालं.

स्थलांतर का करावं लागलं ते घरी सर्व्हर बाळगणाऱ्यांना सांगायला नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये ईएसएक्सआयची, म्हणजे व्हीएमवेअरच्या हायपरवायझरची, मोफत आवृत्ती थांबली, एप्रिल २०२५ मध्ये ती परतही आली. माझी तक्रार नाही. फुकट वापरलेल्या गोष्टीवर हक्क सांगण्याइतकी मी धीट नाही. पण त्या निमित्तानं एक गोष्ट मनात शिरली ती शिरलीच. या पेटीत चालणारी माझी सगळी मशीनं, फोटो सांभाळणारं, घरातल्या सगळ्या उपकरणांना पत्ते सांगणारं, जुनं लिखाण पोटात घेऊन बसलेलं, यांच्यातलं किती माझं आहे आणि किती त्यांच्या खालच्या थराचं, हे मला सांगता येत नव्हतं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे शेवटी एक फाइल, उचलली की कुठंही नेता येते, असं आपण इतरांना किती सहज सांगतो. ते खरं आहे का हे बघायची खाज होती, हे मान्य करते. प्रॉक्समॉक्स हा नवा हायपरवायझर घातला, त्याच्या खाली केव्हीएम, म्हणजे लिनक्सच्या कर्नलमधली व्हर्च्युअल मशीनं चालवायची सोय, आलं, आणि मग एकेक मशीन हलवायला घेतलं. आयात करणारी खिडकी त्यात आता तयार मिळते, नाव-गाव भरलं की ती स्वतः जाऊन मशीन ओढून आणते. बिनमहत्त्वाच्या मशीनांना ती वापरली. ज्यांच्यात जीव अडकला होता त्यांच्या डिस्क हातानं हलवल्या.

एकाच जातीच्या दोन हायपरवायझरमध्ये चालतं मशीन चालत्या अवस्थेत नेता येतं. केंब्रिज आणि कोपनहेगनच्या संशोधकांनी २००५ च्या शोधनिबंधात दाखवलं होतं ते अजून थरारक वाटतं: क्वेक-३ या खेळाचा सर्व्हर, खेळाडू आत खेळत असताना, त्यांनी एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेला आणि खंड पडला तो ६० मिलिसेकंदांचा. आधी सगळी मेमरी कॉपी करायची, तेवढ्यात जी पानं बदलली ती पुन्हा, त्यात बदललेली पुन्हा, आणि उरलेला चिमूटभर भाग नेण्यापुरतं मशीन थिजवायचं. जाती वेगळ्या असल्या की हे जमत नाही. मेमरीत नुसती माहिती नसते. अमुक एका नेटवर्क कार्डाच्या अमुक रजिस्टरमध्ये आत्ता काय लिहून ठेवलंय हा अर्धवट संवादही असतो, आणि पलीकडे ते कार्डच नसतं. म्हणून मशीन बंद करावं लागतं. नीट, आतून, शटडाउन देऊन. त्याआधी साठलेले स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या मधल्या अवस्थांच्या नोंदी, मूळ डिस्कमध्ये विलीन करून घ्यायचे, नाहीतर साखळीतली एकच कडी हातात येते आणि बाकीचं मागं राहतं.

बंद मशीनच्या फोल्डरमध्ये डिस्कच्या दोन फाइली असतात. एक अवाढव्य, तिच्यात खरा ऐवज. दुसरी एवढीशी, साध्या मजकुराची, कुठल्याही एडिटरमध्ये उघडणारी. ही छोटी मला फार आवडते. तिच्यात ती डिस्क स्वतःची ओळख सांगते: मी एलएसआय लॉजिकच्या कंट्रोलरला जोडलेली आहे, माझी डोकी २५५, दर वर्तुळावर सेक्टर ६३, आणि सिलिंडर इतके इतके. डोकी म्हणजे फिरत्या तबकडीवर वाचणारी डोकी! हे सगळं एका फाइलबद्दल, जी ज्या एसएसडीवर पडली आहे तिच्यात फिरणारं काहीच नाही. तबकड्यांच्या खऱ्या डिस्कवरसुद्धा २५५ डोकी कधी नव्हती. जुन्या बायोसच्या मर्यादांशी जुळवून घ्यायला कुणीतरी काढलेला तो आकडा. एका थरानं दुसऱ्याला सांगितलेली थाप, तिसऱ्यानं ती प्रामाणिकपणे लिहून ठेवलेली.

क्यूईएमयूचं डिस्क बदलणारं अवजार चालवलं की पडद्यावर टक्केवारी सरकत राहते. तेव्हा उठून दुसरं काम करावं, पण मला ते जमत नाही. पंख्याचा आवाज थोडा चढतो, नेटवर्कच्या भोकाशेजारचा हिरवा दिवा सलग पेटल्यासारखा लवलवतो, आणि मी आकड्याकडे बघत बसते. रिकाम्या जागा, जिथं नुसती शून्यं आहेत, त्या हे अवजार ओलांडून जातं. पण पुसलेल्या फाइलींच्या जागी शून्यं नसतात. सिस्टिमनं फक्त त्यांची नावं यादीतून काढलेली असतात, मजकूर तिथंच असतो, वहीचं पान फाडल्यावर खालच्या पानावर लिखाणाचा दाब उमटून राहावा तसा. ट्रिमची, म्हणजे वापरात नसलेल्या जागा मोकळ्या जाहीर करायची, आज्ञा देऊन तो आधी झटकता येतो, आणि झटकावा, फाइल निम्मी होते. एका मशीनमध्ये मी तो झटकला नाही. ज्या मशीनवर मी पहिल्यांदा काही लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, त्यातलं खोडलेलंही सोबत गेलं तर बरं, असं काहीतरी मनात होतं. ते खोडलेलं मी कधी वाचणार नाही. तरी ते नव्या डिस्कवर आहे, त्याची जागा अडवून.

आता पहिल्या बूटबद्दल. इथंच सगळी गंमत आहे, म्हणजे वैतागही.

डेबियन लिनक्सवालं मशीन उभं राहिलं, पण नेटवर्क नव्हतं. त्याच्या सेटिंगमध्ये कार्डाचं नाव ईएनएस१९२ होतं. नव्या घरात तेच कार्ड ईएनएस१८ म्हणून आलं. ही नावं कार्ड कुठल्या खाचेत आहे त्यावरून पडतात. लिनक्स सुरू करणाऱ्या सिस्टिमडीनं २०१३ च्या सुमारास ही पद्धत आणली ती याच हेतूनं, की पूर्वीसारखं आज ईटीएच० असलेलं कार्ड उद्या ईटीएच१ होऊ नये, नाव कायम राहावं. राहतंच, खाच राहील तोवर. रेड हॅटच्या घराण्यातलं दुसरं मशीन याहून आधी अडलं. त्याला स्वतःची डिस्कच सापडेना. त्याची बूटसाठीची छोटी प्रतिमा बनवताना ड्राकट हा प्रोग्रॅम आजूबाजूला बघतो, जे हार्डवेअर समोर आहे त्याचेच ड्रायव्हर बांधून घेतो आणि बाकीचे सोडून देतो. काटकसर म्हणून ते ठीक. पण नव्या जागी डिस्क व्हर्टआयओवरून, म्हणजे व्हर्च्युअल मशीनांसाठीच बनवलेल्या जोडणीवरून, पुढं आली आणि तो ड्रायव्हर गाठोड्यात नव्हता. सुदैवानं ग्रबच्या, म्हणजे बूटच्या मेनूच्या, यादीत तळाशी एक रेस्क्यू म्हणून नोंद असते, तिची प्रतिमा अशी काटकसर न करता सगळे ड्रायव्हर घेऊन बनलेली असते. तिच्यातून शिरलं, गाठोडं नव्यानं बांधलं, मग मशीन वळणावर आलं. आणखी एक फार जुनं मशीन होतं, त्यात दुसऱ्या डिस्कचा पत्ता त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सरळ एसडीबी असा लिहिलेला. इथं डिस्कचं नाव व्हीडीबी झालेलं. पडद्यावर लाल चांदणी इकडून तिकडे सरकत राहिली, शेजारी सेकंद मोजले जात होते, नव्वद सेकंद ते मशीन एसडीबी येण्याची वाट बघत थांबलं, आणि मग आणीबाणीच्या शेलमध्ये जाऊन बसलं.

दुरुस्त्या क्षुल्लक होत्या. कुठं एक शब्द बदलायचा, कुठं एक आज्ञा द्यायची. पण प्रत्येक मशीन वेगळ्या जागी अडलं, आणि जिथं अडलं ती त्याची खरी श्रद्धा होती. वर्षानुवर्षं ही मशीनं मी वापरते. त्यांनी कशावर विसंबून संसार चालवलाय हे मला तोवर कधी दिसलं नव्हतं. चालत्या मशीनमध्ये ते दिसायची सोयच नाही. खाच क्रमांक १९२ खरोखरच आहे, असं मानून एक मशीन इतकी वर्षं माझे फोटो सांभाळत होतं. ती खाच कधीच कुठं नव्हती.

विंडोज ७ च्या मशीनची गोष्ट लांब आहे, आणि ती लांबच सांगणार.

ते मूळचं मशीन नव्हे. तो माझा पहिला लॅपटॉप होता, खराखुरा, मांडीवर घेतला की चटका देणारा. बिजागरी मोडली, पंखा घरघरायला लागला, तेव्हा त्यातली डिस्क डिस्क२व्हीएचडीनं आख्खीच्या आख्खी फाइलमध्ये उतरवून घेतली आणि व्हर्च्युअलबॉक्स या आणखी एका हायपरवायझरमध्ये चालू केली. पुढं घरी सर्व्हर आला तेव्हा ती ईएसएक्सआयवर गेली. आता केव्हीएमवर. त्यात युनिकोडच्या आधीच्या फाँटमधलं लिखाण आहे, जे नीट दिसतं ते तिथल्याच सॉफ्टवेअरमध्ये. पण खरं कारण तेवढंच नाही. त्या डेस्कटॉपवरची चिन्हं जिथं ठेवली होती तिथंच आहेत, आणि मला ती तिथं असलेली आवडतात.

विंडोजला व्हर्टआयओच्या डिस्कवरून थेट उठवायला गेलं तर सात-बीची निळी पाटी येते: बूट करायची डिस्क गाठता येत नाही. म्हणून एक जुनी युक्ती करतात. मुख्य डिस्क आधी जुन्या आयडीईवर जोडायची, आणि सोबत एक रिकामी, टीचभर, व्हर्टआयओची डिस्क लावायची, जी कशाच्याच कामाची नाही. विंडोज उठतं, ही नवी वस्तू बघतं, तिचा ड्रायव्हर मागतं, आपण देतो. विंडोज ७ ला अलीकडचे ड्रायव्हर चालत नाहीत, जुना संच शोधून द्यावा लागतो. मग मशीन बंद करून मुख्य डिस्कही व्हर्टआयओवर जोडायची आणि टीचभर डिस्क काढून टाकायची. त्या निरुपयोगी डिस्कबद्दल मला नेहमीच ममत्व वाटतं. ओळख करून देण्यापुरती ती येते.

मशीन उठलं. नेहमीचा पत्ता द्यायला नेटवर्कच्या सेटिंगमध्ये गेले, तर विंडोजनं हटकलं: हा पत्ता आधीच दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे, आणि ते कार्ड आता या संगणकात नाही. नसलेल्या कार्डाच्या नावावर पत्ता राखून ठेवलेला! अशी कार्डं बघायची तर डिव्हाइस मॅनेजरला आधी एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल देऊन सांगावं लागतं की सध्या हजर नसलेलीही दाखव. दिलं, आणि लपलेली उपकरणं दाखवायचा पर्याय निवडला.

झाड उघडलं आणि फिकट राखाडी चिन्हांची रांगच लागली. नेटवर्कखाली व्हीएमवेअरचं कार्ड. त्याच्या वर व्हर्च्युअलबॉक्सनं दाखवलेलं इंटेल प्रो/१००० एमटी. आणि त्याही वर लॅपटॉपचं खरं वाय-फाय कार्ड, ज्याला एके काळी खरी अँटेना होती, आणि मी खोलीच्या एका ठरावीक कोपऱ्यात बसले तरच तिला सिग्नल मिळायचा. डिस्कखाली ‘व्हीबॉक्स हार्डडिस्क’, व्हीएमवेअरची व्हर्च्युअल डिस्क, आणि सगळ्यांत जुनी ती तबकड्यांची, जिचा कर्रकर्र आवाज रात्री ऐकू यायचा. प्रोसेसरसुद्धा! दोन फिकट कोअर २ ड्युओ, त्यांच्यानंतरचे आणखी कुठले कुठले. बॅटरी. टचपॅड. वेबकॅम. बोटाचा ठसा घेणारी पट्टी, जिनं माझं बोट क्वचितच ओळखलं. एकदाच कधीतरी जोडलेला प्रोजेक्टर. आणि पेन ड्राइव्ह, कितीतरी, कंपनीच्या नावांसकट, त्यातले निम्मे माझे नव्हतेच. मैत्रिणींचे, ऑफिसमधल्या लोकांचे, कुणाचे ते आठवत नाहीत असे. ‘जरा ही फाइल दे’ म्हणून पाच मिनिटं खुपसलेले, आणि या मशीननं ते आजतागायत विसरायचं नाकारलेलं.

मी बराच वेळ ती यादी खालीवर करत राहिले. गंमत अशी की त्या यादीत लॅपटॉपचं खरं वाय-फाय कार्ड आणि व्हर्च्युअलबॉक्सचं खोटं कार्ड एकाच राखाडी रंगात, शेजारी शेजारी होतं. एकाला मी स्क्रू काढून हात लावलेला आहे. दुसरं कुणाच्यातरी सी भाषेतल्या कोडच्या काही हजार ओळी. विंडोजच्या लेखी दोघांची योग्यता सारखीच: होती, आता नाहीत. मला पटकन राग आला, का ते कळलं नाही. खऱ्याला थोडा तरी वेगळा रंग द्यायला हवा होता, असं काहीसं वाटलं असावं.

नेटवर्कची मेलेली कार्डं काढून टाकली, कारण त्यांनी पत्ता अडवून धरला होता. बाकीच्यांना हात लावला नाही. साफसफाईचे सल्ले देणारे म्हणतात सगळीच काढावीत. त्यांचं बरोबर असेल. पण बॅटरी नसलेल्या मशीनमध्ये बॅटरीची आठवण असल्यानं कुणाचं अडत नाही.

मग आणखी एक विचित्र अवस्था काही दिवस टिकली. प्रत्येक मशीन दोन ठिकाणी होतं. नव्या जागी चालू, जुन्या जागी बंद. दोन्हींच्या पोटात मशीन-आयडी तोच, एसएसएचच्या, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या, किल्ल्या त्याच, पत्ता तोच. दोन्ही एकदम चालू केली तर राउटर गोंधळेल, एवढाच काय तो फरक पडेल; बाहेरून विचारून खरं कुठलं हे कुणालाच ठरवता येणार नाही, त्या दोघांना तर नाहीच. जुन्या बाजूची आपोआप सुरू होण्याची खूण काढून टाकली, म्हणजे वीज जाऊन आली तरी ती उठणार नाहीत. हे करताना क्षणभर हात थांबला होता. बंद मशीनला काही होत नसतं हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी.

मॅक पत्त्याचाही, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाचाही, प्रश्न होता. व्हीएमवेअरच्या मशीनांचे पत्ते बहुधा ००:०सी:२९ किंवा ००:५०:५६ नं सुरू होतात, प्रॉक्समॉक्स स्वतःहून बीसी:२४:११ चे देतं. नवे पत्ते घेतले असते तर राउटरला ही मशीनं अनोळखी झाली असती, सगळी आरक्षणं नव्यानं भरावी लागली असती. म्हणून जुनेच पत्ते हातानं लिहून दिले. त्यामुळे आता माझ्या नेटवर्कवर केव्हीएमची मशीनं व्हीएमवेअरचं आडनाव लावून फिरतात. राउटरची काही हरकत नाही. नाव जुळतंय म्हणजे माणूस तोच, एवढंच त्याला समजतं.

जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये एक शोधनिबंध लिहिला, कुठलं यंत्र व्हर्च्युअल करता येतं याच्या अटी त्यात गणितानं मांडल्या आहेत. पहिली अट अशी की आत चालणाऱ्या प्रोग्रॅमचं वागणं खऱ्या यंत्रावर असतं तसंच हवं. दोनच सवलती दिल्यात: लागणारा वेळ आणि मिळणारी साधनं, यांत फरक पडला तर चालेल. मी हे पूर्वी वाचलं तेव्हा ती अट मला हायपरवायझरबद्दलची वाटली होती. फसवणूक किती चोख असावी, याची. आता वाटतं की ती आतल्याच्या बाजूनंही तितकीच आहे. आत राहणाऱ्याला फरक पडला नाही पाहिजे. मग बोर्ड १९९६ चा असो की २५५ डोक्यांची डिस्क असो, त्यानं आपलं काम करावं आणि आपण त्याला छेडू नये.

फक्त हल्ली ही फसवणूक लपवाछपवीची राहिलेली नाही. आतल्या मशीनला प्रोसेसरकडे विचारणा करायची एक आज्ञा असते, सीपीयूआयडी. तिच्यात एक बिट राखून ठेवलाय, तू हायपरवायझरवर आहेस का याचं सरळ उत्तर देणारा. पुढची विचारणा केली की बारा अक्षरांच्या जागेत हायपरवायझर स्वतःचं नावही सांगतो. व्हीएमवेअर आपलं नाव दोनदा घेऊन जागा नेमकी भरतो. केव्हीएम तीनदा घेतो आणि उरलेल्या जागेत शून्यं टाकतो. मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही पुढं कंपनीचं नाव लावतो. म्हणजे माझ्या लॉगमध्ये १९९६ च्या मदरबोर्डची ती ओळ आहे, आणि तिच्यापासून थोड्याच अंतरावर दुसरी ओळ: हायपरवायझर सापडला, केव्हीएम. एकाच कर्नलनं, एकाच सेकंदात, दोन्ही लिहून ठेवलंय. बोर्ड जुना आहे आणि बोर्ड नाहीच आहे. व्हर्टआयओचं सगळं काम तर या कबुलीवरच चालतं. खऱ्या चिपची नक्कल सोडून देऊन दोन्ही बाजूंनी मान्य करायचं की इथं तार नाही, तबकडी नाही, आपण फक्त मेमरीतल्या रांगांमधून एकमेकांना निरोप देऊ. वेग येतो तो त्यामुळे. त्या रात्री मला टोचलं होतं ते भोळेपण, आणि लॉग दोन बोटं पुढं वाचला असता तर दिसलं असतं की मशीन भोळं नाही. त्याला ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही ते १९९६ असं लिहितं, कारण ज्या रकान्यात बोर्डाचं नाव लिहायचं असतं तिथं त्याला हेच नाव मिळालं.

शेवटचं मशीन सर्व्हरवरचं नव्हतं. दुसऱ्या संगणकावर हायपर-व्हीमध्ये ठेवलेलं विंडोज ११, डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप, चावी व्हर्च्युअल टीपीएममध्ये, म्हणजे चाव्या जपणाऱ्या नकली चिपमध्ये. असं मशीन हलवायचं तर आधी बिटलॉकर तात्पुरता थांबवायचा, हे कुठलाही जाणकार सांगेल. मी मुद्दाम थांबवला नाही. वसुलीची चावी कागदावर होती, कागद हाताशी होता, डेटाची प्रत वेगळी होती. इतकी मशीनं हलवली, त्यातल्या एकानंही मला विचारलं नव्हतं की हे तेच यंत्र आहे ना. कुणी डिस्क शोधत अडलं, कुणी कार्ड शोधत. शंका कुणालाच आली नाही. हे एक तरी घेतंय का ते बघायचं होतं.

डिस्क बदलली, नवं मशीन यूईएफआयवर मांडलं, नवा कोरा टीपीएम दिला, चालू केलं. निळा पडदा आला आणि त्यानं अडवलं. चावी ज्यानं जपायला हवी होती तो हा नव्हे, हे त्याच्या लक्षात आलं होतं. अठ्ठेचाळीस आकडे, सहा-सहांचे आठ गट. ब्राउझरमधल्या त्या कन्सोलच्या खिडकीत काही चिकटवता येईना, एकेक आकडा दाबावा लागला. प्रत्येक गट अकरानं भागला जाईल असा बनवलेला असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर तो गट तिथल्या तिथं नाकारला जातो. मी हळू, मोठ्यानं म्हणत टाइप केलं. शेवटच्या गटानंतर गोल गोल ठिपके फिरले आणि डेस्कटॉप आला.

कुलूप नव्या टीपीएमशी बांधून दिलं, मशीन बंद करून परत चालू केलं. या वेळी त्यानं काहीच विचारलं नाही, सरळ आत घेतलं. खरं सांगायचं तर मला ते फारसं आवडलं नाही.